ताईचा अर्ज

रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे गाड्यांच्या रांगा एकमेकींना घासून उभ्या होत्या, आणि माझ्या बसच्या खिडकीला अगदी लागून जी बस येऊन थांबली तिच्या खिडकीत ताई बसली होती. मध्ये दोन काचा आणि वीतभर हवा. तिला मी पाऊण तासापूर्वी घरात सोडून आले होते. दूध-पाव खाऊ घालून, गॅसचं बटण खालून बंद करून, दाराला बाहेरून कडी घालून, आणि कडी लागली की नाही हे नेहमीप्रमाणे दोनदा ओढून बघून. आणि ही इथे. केस नीट विंचरलेले, मांडीवर कामाची तपकिरी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की किती छान दिसतेय. भीती त्याच्या मागून आली. मी काचेवर थापट्या मारल्या. माझ्या शेजारचा माणूस दचकला. ताईनं वळून बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मग, शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसाशी नजरानजर झाली की आपण जशी ती सभ्यपणे काढून घेतो, तशी काढून घेतली. तिची बस हलली. माझी तिथेच होती.

उतरून, मागच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊन, दुसरी बस पकडून तिच्या वर्कशॉपवर पोचायला मला सव्वा तास लागला. ती तिथेच गेली असणार याची मला खात्री होती. सत्तावीस वर्षं ती त्या बसनं जात होती. डोक्यातून नेमकं काय काय गेलं हे डॉक्टरांनाही कधी धड सांगता आलं नाही, पण तो रस्ता शाबूत होता. ताई तिथे कटिंगला होती. गणवेशाचं कापड चाळीस-चाळीस थर एकावर एक अंथरायचं, वर कागदी पॅटर्न ठेवून खडूनं आखायचं आणि एका दमात कापायचं, हे तिचं काम. एक रेघ हलली की चाळीस विजारी वाया. सगळ्या शिलाईवाल्या तिला मास्तर म्हणत, आणि ती टेबलाशी उभी असली की तिच्याशी कुणी बोलत नसे. मी पोचले तेव्हा हॉलमधली मशिनं बंद होती. एवढ्या मोठ्या हॉलमधल्या त्या शांततेनंच मला कळलं. ताई टेबलाशी उभी होती, आणि तिच्यासमोर निळ्या कापडाचा अख्खा ढीग चार चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांमध्ये कापून पडला होता. पट्ट्या सरळ होत्या. इतक्या सरळ की फूटपट्टी लावून बघावं. काज-बटण करणारी बाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आम्हांला वाटलं, बऱ्या झाल्या. आल्या, सगळ्यांना नावानं हाक मारली, पिशवी खुंटीला लावली नि उभ्या राहिल्या. कोण म्हणणार हो त्यांना, नका म्हणून?" आणि मग ताईनं मला बघितलं, आता अगदी ओळखून, आणि हातावरचा खडू झटकत म्हणाली, "आलीस? झालं बघ माझं. आज लवकर आटपलं."

घरी आल्यावर कळलं की जिना झाडायला येणारीनं कडी काढली होती. ताईनं आतून तिला हसत सांगितलं होतं, "आमची वेंधळी चुकून बाहेरून कडी घालून गेली बघा, मला कामावर उशीर होतोय." यावर कोण कडी काढणार नाही? तीच तर खरी अडचण होती. ताईला बघून कुणालाही वाटत नसे की हिला काही झालंय. दोन वर्षांपूर्वी एका पार्सलवाल्याची गाडी तिला लागली, ती पडली, उठली, त्याला चांगला फैलावर घेतला, त्याच्या गाडीचा वाकडा झालेला आरसा स्वतः सरळ करून दिला आणि घरी आली. मला म्हणाली, "डोकं जरा ठणकतंय, चहा टाक." चहा अर्धा प्यायली आणि कप खाली ठेवायचा विसरली, हातातच तिरका झाला, आणि मांडीवर चहा सांडतोय हे ती बघत राहिली. त्यानंतर ऑपरेशन, अकरा दिवस बेशुद्धी, आणि एका सकाळी तिनं डोळे उघडून नर्सला विचारलं, "तुमच्या कोटाचा गळा कुणी कापलाय?" मी वेड्यासारखी हसले होते. मला वाटलं, आली परत. डोक्यावरचे केस वाढले, वण झाकला गेला, आणि झाकलेल्या वणाखाली काय आहे ते फक्त मला दिसत राहिलं. तिला वास येत नसे. नळ सोडला की सोडला. गॅस पेटवून ती दुसऱ्या खोलीत जाऊन खिडकीत उभी राही. भूक लागलीय हे तिला कळत नसे आणि जेवण झालंय हेही कळत नसे. रोज सकाळी विचारी, "आई उठली का?" पहिले काही महिने मी खरं सांगत होते, की आई जाऊन सदतीस वर्षं झाली, आणि ती रोज सकाळी नव्यानं रडत असे, अगदी पहिल्या दिवसासारखी. मग मी सांगायला लागले, "बाहेर गेलीय." त्यावर ती म्हणायची, "एवढ्या सकाळी?" आणि विसरून जायची.

मेंदूला मार बसलेल्यांसाठी सरकारची एक सहाय्य योजना होती. तिच्यात घरी मदतनीस मिळे, आठवड्याचे पाच दिवस, माझ्या कामाच्या वेळात. ताईला तिच्यात बसवायचं होतं. पहिल्या वेळी तिला घेऊन मी त्या कार्यालयात गेले, तेव्हा टेबलामागच्या माणसानं विचारलेलं सगळं ताईनंच सांगितलं. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "हिला विचारू नका, मी सांगते." चालता येतं? चालून दाखवलं. जेवता येतं? "तुम्ही वाढा, मी दाखवते." शंभरातून सात सात वजा करा. तिनं त्याच्याआधी केले. पंधरा दिवसांनी पत्र आलं की अर्जदार स्वतःची कामं स्वतः करू शकतात, सबब सहाय्याची गरज दिसून येत नाही. मी ते पत्र कपाटात कपड्यांखाली ठेवलं. वर्कशॉपमधल्या त्या दिवसानंतर मात्र राहवेना. मालकांनी निरोप पाठवला होता, फार नम्रपणे, की आता त्यांना परत येऊ देऊ नका. हॉस्पिटलातल्या समाजसेविकेला जाऊन भेटले. तिनं फेरतपासणीचा अर्ज भरून दिला आणि म्हणाली, "या वेळी माणूस घरी येईल. एक लक्षात ठेवा. पाहुणे आल्यासारखं वागू नका. आपल्या माणसाचं चांगलं तेवढं सांगायची सवय असते आपल्याला. तुम्ही वाईटातला वाईट दिवस सांगा. बहिणीसमोरच सांगावं लागेल, तसा नियमच आहे." मी बरं म्हणाले. बरं म्हणणं मला नेहमीच सोपं गेलंय.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते. लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे माझ्या टेबलावर ओळीनं मांडलेले असतात, आणि मी त्यांच्यावर मेणाच्या हिरड्या चढवते, एकेक दात बसवते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. ते काम मला ताईनंच लावून दिलं होतं. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी नऊ. शाळेत, दवाखान्यात, घरमालकासमोर, सगळीकडे ती माझ्या वतीनं बोलायची. डॉक्टर विचारायचे, कुठं दुखतंय बाळ? आणि ताई म्हणायची, "हिला विचारू नका, मी सांगते." आणि ती सांगायची ते बरोबर असायचं, खरंच बरोबर असायचं, माझ्या पोटात कुठं दुखतंय हे माझ्याआधी तिला ठाऊक असे. लॅबमध्ये साचे ओतणारा एक जण होता. हात कायम पांढरे. तीसेक वर्षांची होते मी. त्यानं मला विचारलं, आणि मी ताईला सांगितलं, आणि ताईनं त्याला घरी चहाला बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली, त्याच्या शर्टाच्या कॉलरचं कौतुक केलं, आणि मग माझ्यासमोर त्याला सांगितलं की हिला अंधाराची भीती वाटते, हिच्या हातून दूध दर खेपेला उतू जातं, कुणी मोठ्यानं बोललं की ही दोन दिवस जेवत नाही, हिला वर्षातून एकदा तरी असा पंधरवडा येतो की ही अंथरुणातून उठत नाही. "तुम्हांला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं," ती म्हणाली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी मांडीवरचं कापड तळहातानं सारखं करत बसले होते. तो चहा संपवून गेला, आणि पुढं लॅबमध्ये माझ्याशी फार चांगला वागायचा. आजारी माणसाशी वागतात तसा. ताईनं ते माझ्यासाठी केलं की स्वतःसाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नव्हता.

मंगळवारी अकरा वाजता तपासनीस बाई आल्या. माझ्यापेक्षा लहान होत्या, पस्तिशीच्या असतील. सर्दी झालेली, हातात फाइल, जिने चढून दमलेल्या. मी दार उघडायच्या आत ताई पुढं झाली. "या या, किती हा जिना! आमचा मालक म्हणतो, पायांना व्यायाम होतो. स्वतः तळमजल्यावर राहतो." बाई हसल्या. ताईनं त्यांना खुर्ची दिली, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ती खुर्ची जरा वळवून दिली. "चहा घेणार ना? नको म्हणालात तर मी ऐकणार नाहीये." आणि मला म्हणाली, "ए वेंधळे, आलं घाल हं, यांना सर्दी झालीय." मी आत जाऊन पातेलं चढवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर ती बोलत होती. तो आवाज. खालच्या पट्टीतला, जरा चिडवणारा, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. दोन वर्षं मी तो ऐकला नव्हता. गेली दोन वर्षं तिचा आवाज सपाट होता, भिंतीवर आपटून परत येणारा, आणि आज हा कुठून आला? परकं माणूस आलं म्हणून कपाटातला चांगला कप बाहेर काढतात, तसा तिनं तो आवाज बाहेर काढला होता. मला वाटलं, या बाई इथेच राहाव्यात. रोज याव्यात. आणि त्याच वेळी, पाणी उकळायला लागलेलं बघत, मी मनात म्हणत होते, चुक. एखादं तरी चुक गं. तारीख तरी चुक. पण तपासनीस बाईंच्या पाठीमागे कॅलेंडर होतं, आणि ताईनं तारीख बरोबर सांगितली.

चहा घेऊन गेले तेव्हा ताई त्यांना सांगत होती, "तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. बॅग नेहमी त्याच खांद्याला अडकवता ना? कोट शिवणाऱ्याला सांगा, तिथं आतून थोडी भर घाल म्हणावं." बाईंनी खरंच स्वतःच्या खांद्याकडे बघितलं. "अहो, मला कुणी कधी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरच्या कागदावर चौकोनांची रांग होती आणि बऱ्याच चौकोनांमध्ये एकाच बाजूच्या खुणा पडल्या होत्या. मग त्यांनी पेन बंद केलं, नाक पुसलं आणि माझ्याकडे वळल्या. "बहिणीची तब्येत तर चांगली दिसतेय. मग त्रास नेमका काय होतो?" ताईही माझ्याकडे बघायला लागली, कौतुकानं, मूल आता कविता म्हणणार म्हणून बघतात तशी.

मी सुरुवात गॅसपासून केली. ते सोपं होतं. मग नळ, खालच्यांच्या छतातून पाणी गेलं ते. मग वर्कशॉप. बाईंनी पेन परत उघडलं. ताई ऐकत होती आणि मध्ये मध्ये हसत होती, दुसऱ्या कुणाची तरी गंमत ऐकावी तसं. "अगं बाई, चाळीस थर?" ती म्हणाली. "कोण ही?" आणि मग तिनं एकदा माझ्याकडे, एकदा बाईंच्या पेनाकडे बघितलं, आणि तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं पण आतून रिकामं झालं. मी थांबायला हवं होतं का? समाजसेविकेनं सांगितलं होतं, वाईटातला वाईट. मी सांगितलं की ती रोज सकाळी आईला शोधते. की अंघोळ घालायला गेलं की ती मारते. एकदा कटिंगच्या लाकडी पट्टीनं मारलं होतं. मी बाही वर करून खूण दाखवली. की ती बाथरूममध्ये जाऊन कशासाठी आलो ते विसरते आणि तशीच परत येते. "म्हणजे अंथरुणात?" बाईंनी हळूच विचारलं. "हो." "किती वेळा?" दोन वर्षांत तीनदा झालं होतं. मी म्हणाले, "रोज."

ते खोटं माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं, की मलाच आश्चर्य वाटलं. आणि मी तिथंही थांबले नाही. कारण काय सांगू, बाई लिहीत होत्या. मी एक वाक्य बोलले की त्या एक ओळ लिहीत होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांत माझं बोलणं कुणी असं लिहून घेतलं नव्हतं, मध्ये न तोडता, मान हलवत, पुढे सांगा म्हणत. माझा आवाज चढत गेला, त्याला एक लय आली, आणि माझ्या छातीत काहीतरी मोकळं होत होतं, उबदार, जवळजवळ आनंदाचं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आपल्या माणसासाठी मदत मागताना तो आनंद कशाचा होता? ताई मान खाली घालून बसली होती. तळहातानं मांडीवरचं कापड सारखं करत होती, आधी लांबीत, मग रुंदीत. एकदा ती म्हणाली, "असं बाहेर सांगायचं नसतं गं." अगदी हळू म्हणाली. लहानपणी चारचौघांत माझी झिप उघडी राहिली तर कानाशी येऊन सांगायची, तशी. मी ऐकलं आणि पुढं बोलत राहिले. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि दाराचा आवाज होऊ नये म्हणून मूठ वळवून धरून तिनं ते सावकाश लावून घेतलं.

तपासनीस बाई पायऱ्या उतरायच्या आधी दारात थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "खरं सांगू का, तुम्ही बोलला नसतात तर मी 'गरज नाही' लिहून गेले असते. रोज चार घरं करते मी. छान चहा मिळतो आणि माणूस छान बोलतो, आणि खाली गेल्यावर मला वाटतं, माझं काही चुकलं तर नाही ना." मग रुमाल शोधत म्हणाल्या, "मंजूर होईल बहुतेक." मी त्यांचे आभार मानले. आतल्या खोलीचं दार ढकललं तेव्हा ताई पलंगाच्या काठावर बसली होती आणि कामाची पिशवी भरत होती. टेप, खडू, एक मोजा, तिचा दात घासायचा ब्रश. "कुठं निघालीस?" मी विचारलं. थोड्या वेळानं ती पिशवी तिथंच विसरून खिडकीत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. बाई आल्या होत्या, चहा झाला होता, काहीच नाही. मी अगदी खोदून खोदून विचारलं आणि मला हायसं वाटलं. जे तिच्याजवळ नाही ते घडलंच नाही असं धरून चालायला मी शिकले होते. ब्रशवर पेस्ट लावून मी तो तिच्यापुढं धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "मी करेन." मी बाथरूममधून बाहेर आले, पोळीच्या डब्याचं झाकण लावलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. राहू दे नाही. राहू द्या. मी परत आत गेले. "ताई, काय म्हणालीस?" ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "काही नाही. तुम्ही बसा बाहेर," ती म्हणाली.

मला वाटलं, एक दिवसाचं असेल. बसमध्येही तिनं मला ओळखलं नव्हतं, आणि तासाभरानं ओळखलंच की. पण ते दिवसामागून दिवस टिकलं. ती माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागायला लागली. मी वाढलेलं ती नीट खायची, "पुरे, पुरे, तुम्हांला त्रास" म्हणायची. तिनं मला परत कधी मारलं नाही. अंघोळीच्या वेळी ती दगडासारखी स्थिर बसायची, डोळे मिटून, आणि मी पाणी घालायची. मी समोर आले की बोलणं थांबवायची, मग ते एकटीशी का असेना. मंजुरीचं पत्र आलं. पुढच्या सोमवारपासून मदतनीस यायला लागली, आडव्या अंगाची, बोलघेवडी बाई, दोन दिवसांत तिनं ताईला भाज्या निवडायला बसवलं. तिला ताई 'अगं' म्हणायची. एका संध्याकाळी कामावरून येऊन मी दारात चपला काढत होते, तर आतून ताईचा आवाज आला, "गप्प बस आता. ती आली. तिच्यासमोर काही बोललं की ती लिहून देते." मदतनीस बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मनाला लावून घेऊ नका हो," ती मला जिन्यात म्हणाली. "माझ्या आधीच्या पेशंटचंही असंच होतं. काय झालं ते डोक्यातून जातं, पण जे वाटलं ते जात नाही. ते कुठंतरी बसून राहतं. त्यांना वाटतं, तुम्ही त्या ऑफिसातल्याच." मी विचारलं, "मी बहीण आहे असं तू नाही सांगितलंस?" "रोज सांगते," ती म्हणाली. "त्या म्हणतात, माझी बहीण अशी नाही."

योजनेनं मला माझे दिवस परत दिले. कडी घालावी लागत नव्हती. लॅबमध्ये माझे हात पूर्वीसारखे चालायला लागले. एका म्हाताऱ्याच्या कवळीचं माझ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून कौतुक केलं. दुपारच्या सुट्टीत घरी फोन करायची गरज उरली नव्हती, तर मी बाहेर जाऊन उन्हात उभी राहायची, काय करावं ते न कळून. त्या फेरतपासणीच्या कागदाची एक प्रत मला पोस्टानं आली होती. तीत माझी वाक्यं होती, टाइप केलेली, स्वच्छ. 'अंथरूण ओलं करणे: दररोज.' मी ती प्रत फाडायला घेतली आणि फाडली नाही. पुढच्या वर्षी परत तपासणी होणार होती. तेव्हा तीच वाक्यं मला परत म्हणावी लागणार होती, जरा जास्तच.

शनिवार-रविवारी मदतनीस नसे. परवाच्या रविवारी दुपारी मी धुतलेले कपडे घडी करून ठेवायला तिच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसली होती. मी कपाट उघडलं तशी ती उठली, दुसरी खुर्ची ओढली, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून जरा वळवली. "बसा ना," ती म्हणाली. "सारख्या उभ्याच असता तुम्ही." मी कपडे मांडीवर घेऊन बसले. तिनं दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पुढं झुकली.

"तुमच्या त्या ऑफिसात," ती म्हणाली, "आणखी कुणासाठी सांगता येतं का?"

"कुणासाठी?" मी विचारलं.

"मला एक बहीण आहे. धाकटी." तिचा तो आवाज परत आला होता, खालच्या पट्टीतला. "तिला तसं काही झालेलं नाही. पण मी ही अशी झाले ना. माझ्या काही लक्षात राहत नाही, तुम्हांला ठाऊकच आहे. तिचं बघायला कुणी नाही आता."

मी मांडीवरच्या कपड्यांची वरची घडी मोडून परत घातली. तिला वाटलं, मी विचारात पडलेय. ती घाईघाईनं म्हणाली, "फार काही लागणार नाही तिला. ती मागत नाही काही. उपाशी राहील, पण मागणार नाही. मनातलं कुणाजवळ बोलत नाही, आतल्या आत ठेवते. दिवसातून तासभर जरी कुणी तिच्याजवळ बसलं, नुसतं बसलं, तरी पुष्कळ झालं. बसतं का असं काही तुमच्या नियमात?"

"बघते," मी म्हणाले.

"नक्की बघाल?"

"नक्की."

तिनं सुस्कारा सोडला. हात लांब करून माझ्या मांडीवरच्या घडीचा वर आलेला कोपरा आत सारला. मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा ना थोडं. येईलच ती एवढ्यात. तुम्हीच विचारा तिला. पण मी सांगितलं असं म्हणू नका, तिला वाईट वाटेल."

मी परत बसले. ताईनं आपली खुर्ची दाराच्या दिशेनं वळवली, माझीही वळवायला लावली, आणि आम्ही दोघी दाराकडे बघत तिची वाट बघत राहिलो.